पाय परत चालू लागले, मग औषध कशाला?

डॉक्टरबाई, नमस्कार.
मी वेंगुर्ले तालुक्यात राहते. वय ३१. घरी यजमान, सासूबाई आणि पाच वर्षांची मुलगी. आमची हापूसची बाग आहे, थोडी काजूची झाडंही आहेत. दोन वर्षांपूर्वी उजव्या डोळ्याने धुरकट दिसू लागलं, डोळा फिरवला की आतून दुखायचं. थेंब घातले, महिन्याभरात दिसू लागलं, आम्ही विसरलो. या मार्चमध्ये पायांना मुंग्या आल्या आणि तीन-चार दिवसांत कमरेखालचं सगळं बधिर झालं. पडवीची पायरी चढवेना. गोव्याला नेलं. मेंदूचा आणि मणक्याचा एमआरआय झाला, पाठीतलं पाणी तपासलं आणि एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, असं निदान झालं. पाच दिवस स्टेरॉइडची सलाईन लावली. दीड-दोन महिन्यांत मी हिंडू-फिरू लागले. तळवे अजून थोडे बधिर आहेत, तेवढंच.
डॉक्टर म्हणतात, आता वर्षानुवर्षं घ्यायचं औषध सुरू करू. इंजेक्शन, गोळी की सलाईन ते घरी बोलून ठरवा. सासूबाई म्हणतात, "आता बरा वाटता मां तुका? मगे ह्या महागडा औषध कित्याक?" दीर मोबाइलवर स्टेम सेलची जाहिरात दाखवतात. गावातले एक काका गुळवेलीचा काढा देतात. आम्हाला दुसरं मूल हवं आहे. आणि मे महिन्यात दुपारी चुलीपाशी उभी राहिले की पाय पुन्हा जड होतात, नजर धूसर होते, मी घाबरते की आलाच पुन्हा. मी काय करू?
एक वाचक, वेंगुर्ले तालुका

ताई, नमस्कार.

सासूबाईंच्या प्रश्नापासून सुरुवात करते. तो प्रश्न अडाणीपणाचा नाही. दुखणं गेलं की औषध थांबवायचं, हे आपण तापात, खोकल्यात, हगवणीत आयुष्यभर करत आलो. पण एमएसचं औषध सुरू करायची वेळ नेमकी हीच आहे, तुम्हाला बरं वाटत असतानाची. पुढच्या अटॅकची वाट पाहू नका. येत्या काही आठवड्यांत औषध सुरू व्हायला हवं, असं मी अगदी आग्रहाने सांगते.

कारण असं. या आजारात आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यामागची नस यांतल्या तंतूंवरच्या मायलिन नावाच्या आवरणावर हल्ला करते. जिथे हल्ला होतो तिथे सूज येते आणि निरोप अडतात. तुमच्या डोळ्याला आणि पायांना जे झालं ते हेच. नंतर सूज उतरते, काही आवरण पुन्हा तयार होतं, मेंदू आडवाटेने काम भागवतो आणि माणूस उठून चालू लागतो. पण आतला तंतूच तुटला असेल तर तो परत येत नाही. आणि आपल्याला कळणारे अटॅक थोडे असतात. त्या दोन अटॅकांच्या मधल्या शांत वाटणाऱ्या काळात एमआरआयवर कितीतरी नवे डाग उमटलेले दिसतात, ज्यांची रुग्णाला गंधवार्ताही नसते. मेंदूची शिल्लक आहे तोवर तो हे झाकून नेतो. ती शिल्लक संपत आली की मग चालणं हळूहळू बिघडू लागतं, आणि तिथून मागे आणणारं औषध आज कुणाकडे नाही.

स्टेरॉइडबद्दल फार मोठा गैरसमज आहे. मिथाइलप्रेडनिसोलोन रोज १ ग्रॅम, ३ ते ५ दिवस, ही चालू अटॅकची सूज लवकर उतरवण्याची सोय आहे. पुढचा अटॅक ती थांबवत नाही. स्टेरॉइडने पाय परत आले म्हणजे आजार गेला, असं समजून घरी बसलेले आणि दोन-तीन वर्षांनी काठी घेऊन आलेले रुग्ण पाहिले की जीव तुटतो. तुमच्या यजमानांना बागेचं उदाहरण द्या. तुडतुडा पडून मोहर काळा झाल्यावर फवारणी करून तो मोहर परत येत नाही. फवारणी मोहर चांगला दिसत असतानाच करावी लागते. हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

आता औषध निवडण्याआधीची एक गोष्ट, आणि ही मी सगळ्यात महत्त्वाची मानते. तुमचा आजार आधी डोळ्याच्या नसेत आणि मग मज्जारज्जूत दिसला. नेमक्या याच दोन जागा धरणारा आणखी एक आजार आहे, न्यूरोमायलायटिस ऑप्टिका, डॉक्टर त्याला एनएमओ म्हणतात. आपल्या देशात एमएसचं निदान पक्कं करताना तो वगळावाच लागतो. त्यासाठी अॅक्वापोरिन-४ अँटिबॉडीची रक्ततपासणी असते, तिच्याबरोबर मॉग अँटिबॉडीचीही करतात. हा आजार एमएस नाही आणि त्याची औषधंही वेगळी. इंटरफेरॉन, फिंगोलिमॉड, नॅटॅलिझुमॅब ही एमएसची औषधं एनएमओच्या रुग्णाला दिली तर आजार भडकू शकतो. तुमच्या पत्रात या तपासणीचा उल्लेख नाही. बहुधा झालीही असेल, पण फाइल उघडा आणि रिपोर्ट आहे का बघा. नसेल तर पहिला प्रश्न तोच विचारा. मेंदूतल्या डागांची ठेवण आणि पाठीतल्या पाण्यातले ऑलिगोक्लोनल बँड (तिथे प्रतिकारशक्ती खवळल्याची खूण) हे दोन्ही एमएसकडे बोट दाखवत असतील तर मनातली शंका बरीच मिटते.

हे पक्कं झालं, की औषधांकडे येऊ. एमएस मुळापासून बरा करणारं औषध नाही. अटॅक कमी करणारी, नवे डाग रोखणारी आणि अपंगत्व लांबवणारी औषधं मात्र आहेत, आणि १९९३ मध्ये अमेरिकेत पहिलं इंटरफेरॉन मंजूर झालं तेव्हापासून त्यांची संख्या वाढतच गेली आहे. त्याआधी डॉक्टरांच्या हाती अटॅक आला की स्टेरॉइड देणं आणि धीर देणं, एवढंच होतं. तुम्ही या काळात आजारी पडलात, हे मी मनापासून चांगलं मानते.

इंजेक्शनं सगळ्यात जुनी: इंटरफेरॉन बीटा आणि ग्लॅटिरामर अॅसिटेट. दोन्ही अटॅकचं प्रमाण साधारण एक तृतीयांशाने कमी करतात. फार जोरकस नाहीत, पण इतक्या वर्षांच्या वापरातून त्यांची सुरक्षितता नीट माहीत झाली आहे. इंटरफेरॉननंतर अंग मोडून ताप आल्यासारखं होतं. ग्लॅटिरामर रोज किंवा आठवड्यातून तीनदा त्वचेखाली टोचायचं. टोचल्या जागी लाली येते, गाठी येतात. दोन्ही फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर ठेवावी लागतात. आपल्याकडे पावसात वीज किती वेळा आणि किती काळ जाते, हे तुम्हाला सांगायला नको. मे २०२१ च्या तौक्ते वादळानंतर सिंधुदुर्गातली कित्येक गावं दिवसचे दिवस अंधारात होती. ग्लॅटिरामर महिनाभर फ्रिजबाहेर साध्या तापमानाला चालतं, पण ३० अंशांच्या आत. मे महिन्यात आपल्या घरात ते शक्य नाही. इंजेक्शन निवडलंत तर बर्फाच्या पिशव्या, थर्मास पेटी आणि जवळच्या औषध दुकानातल्या फ्रिजची सोय आधी लावून ठेवा.

गोळ्यांत आपल्याकडे तीन जास्त वापरात आहेत आणि तिन्हींची भारतीय कंपन्यांनी बनवलेली स्वस्त रूपं मिळतात. टेरिफ्लुनोमाइड रोज एक गोळी. जोर इंजेक्शनांइतकाच, यकृतावर लक्ष ठेवावं लागतं, केस थोडे विरळ होतात. डायमिथाइल फ्युमरेट दिवसातून दोनदा. अटॅक साधारण निम्म्याने कमी होतात. सुरुवातीचे काही आठवडे चेहरा लालबुंद होतो आणि पोट बिघडतं. भरल्या पोटी घेतलं तर बरंच सुसह्य होतं. रक्तातल्या लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी मोजत राहाव्या लागतात. फिंगोलिमॉड रोज एक कॅप्सूल, अटॅक निम्म्याहून थोडे जास्तच कमी करते. पण पहिला डोस सहा तास रुग्णालयात बसून घ्यायचा, कारण हृदयाचे ठोके मंदावतात. कांजिण्या झाल्या आहेत का ते आधी तपासायचं, तीन-चार महिन्यांनी डोळ्यांचा पडदा बघून घ्यायचा. आणि ही कॅप्सूल एकदम सोडली तर आजार दुप्पट जोराने उसळू शकतो. ज्यांच्या घरी पैशांअभावी मधेच औषध सुटण्याची भीती आहे त्यांनी फिंगोलिमॉड घेताना हा विचार आधी करावा.

मग सलाईनमधून देण्याची औषधं. नॅटॅलिझुमॅब महिन्यातून एकदा; अटॅक दोन तृतीयांशाने कमी करणारं, फार प्रभावी. पण जेसी विषाणू अंगात असलेल्यांना पीएमएल नावाचा मेंदूचा घातक संसर्ग होण्याचा धोका असतो, म्हणून ती तपासणी आधी आणि नंतरही वारंवार करतात. ऑक्रेलिझुमॅब सहा महिन्यांतून एकदा. २०१७ मध्ये आलेलं हे औषध, सुरुवातीपासूनच हळूहळू वाढत जाणाऱ्या एमएसवर काम करून दाखवणारं पहिलं. आणि त्याच्याच जातीचं, बी पेशी (प्रतिकारशक्तीच्या एक प्रकारच्या पेशी) कमी करणारं, रिटुक्सिमॅब. हे मुळात रक्ताच्या कर्करोगाचं औषध. २००७ मध्ये डॉ. रेड्डीज कंपनीने त्याचं भारतीय रूप आणलं आणि किंमत खाली आली. एमएससाठी त्याला रीतसर परवाना नसला तरी जगभरचे मेंदूविकारतज्ज्ञ ते वापरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत एमएससाठी पहिल्यांदाच तीन औषधं घातली, त्यांत ग्लॅटिरामर आणि क्लॅड्रिबिनबरोबर रिटुक्सिमॅबही आहे. सुरुवातीला साधारण पंधरा दिवसांच्या अंतराने दोन सलाईन आणि मग सहा महिन्यांनी एक, असा क्रम असतो.

तुमच्यासाठी कुठलं? अंतिम निर्णय तुमच्या मेंदूविकारतज्ज्ञांचा, कारण एमआरआय त्यांनी पाहिला आहे. पण तुम्ही मला विचारलंत म्हणून माझं मत सांगते. दोन वर्षांत दोन अटॅक, त्यातला एक मज्जारज्जूत, तोही पाय काढून घेणारा. अशा रुग्णाला सौम्य औषधाने सुरुवात करून 'बघू' म्हणत राहण्यापेक्षा पहिल्यापासून जोरदार औषध द्यावं, याकडे आता बरेच तज्ज्ञ झुकले आहेत आणि मलाही ते पटतं. तुमचं घर रुग्णालयापासून लांब, फ्रिजचा भरवसा नाही, दुसरं मूल हवं आहे. या सगळ्याचा विचार करता सहा महिन्यांनी एकदा सलाईन घ्यायचं औषध तुमच्या संसारात बसेल, असं मला वाटतं. "रिटुक्सिमॅब माझ्यासाठी योग्य आहे का, नसेल तर का नाही?" हा प्रश्न थेट विचारा. त्याआधी हिपॅटायटिस बी आणि क्षयरोगाची तपासणी झालीच पाहिजे, कारण दबून बसलेला हिपॅटायटिस बी या औषधाने उफाळतो. लागतील त्या लसीही सलाईन सुरू होण्याच्या काही आठवडे आधी टोचून घ्यायच्या. नंतर घेतल्या तर त्या नीट लागू पडत नाहीत, आणि जिवंत विषाणूंच्या लसी तर नंतर चालतच नाहीत.

मुलाचं. होय, दुसरं मूल होऊ देता येईल. एमएसमुळे गर्भ राहण्याला किंवा बाळाच्या वाढीला अडथळा येत नाही. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, अटॅक कमी होतात. बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत मात्र वाढतात, म्हणून तो काळ आधीच आखून ठेवायचा. फक्त एमएस आहे म्हणून सिझेरियन करावं लागत नाही. आईला एमएस असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता पाश्चात्त्य देशांत शंभरात दोन-तीन इतकी दिसते. म्हणजे सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव मुलांना होत नाही. पण औषध निवडतानाच 'मूल हवं आहे' हे डॉक्टरांना सांगायला हवं. टेरिफ्लुनोमाइड तुमच्यासाठी नाही. ते बंद केल्यावरही दोन वर्षांपर्यंत रक्तात राहू शकतं आणि गर्भाला अपाय करू शकतं. चुकून दिवस राहिले तर कोलेस्टिरामाइन देऊन शरीरातून धुऊन काढावं लागतं. फिंगोलिमॉड गर्भधारणेआधी किमान दोन महिने थांबवावं लागतं आणि नेमक्या त्या महिन्यांत आजार उसळण्याची भीती असते. ग्लॅटिरामर गरोदरपणात बऱ्यापैकी सुरक्षित मानलं जातं. बी पेशींच्या औषधात सलाईन देऊन, डॉक्टर सांगतील तितके महिने थांबून प्रयत्न करता येतो; औषध अंगातून गेलं तरी त्याचा परिणाम पुढे काही काळ टिकतो, हा त्याचा फायदा. औषध सुरू होऊन वर्षभर आजार शांत राहिला की मग बाळाचा विचार करा, असं मी म्हणेन. ३१ हे वय त्या दृष्टीने उशिराचं नाही.

आता मे महिन्यातली दुपार. त्या वेळी तुम्हाला होतं तो नवा अटॅक नाही. ज्या तंतूंचं आवरण आधीच विरळ झालंय, त्यांच्यातून शरीराचं तापमान अर्धा अंश वाढलं तरी निरोप अडखळतो. विल्हेल्म उथॉफ नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्ये हे नोंदवलं. पूर्वी एमएसची शंका असलेल्या माणसाला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणं वाढतात का ते बघत असत, इतकं हे खात्रीचं. याने नव्याने इजा होत नाही. अंग थंड झालं की तासाभरात पूर्ववत. अटॅकची खूण वेगळी आहे: नवं लक्षण, किंवा जुनं लक्षण नव्याने, सलग २४ तासांहून जास्त टिकणारं, आणि त्या वेळी ताप किंवा संसर्ग नसताना. असं झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. पण आधी तापमान बघा आणि लघवीची तपासणी करा, कारण लघवीचा संसर्ग हुबेहूब अटॅकचं सोंग आणतो आणि त्यावर स्टेरॉइड दिलं तर संसर्ग वाढतो.

आपल्याकडचं तापमान विदर्भाइतकं चढत नाही, पण दमटपणामुळे घाम सुकत नाही आणि अंग थंड होत नाही, म्हणून कोकणातला उन्हाळा एमएसवाल्यांना जास्त छळतो. आंघोळीचं पाणी कोमट किंवा गार. चुलीवर तापवलेला हंडा रिकामा करायची आपल्याकडची सवय तुम्हाला सोडावी लागेल, आणि पहिल्यांदा न्हाणीघरात पाय लटपटू लागले तर कुणीतरी जवळ हवं, म्हणून आतून कडी लावू नका. चुलीचं आणि बागेतलं काम सकाळी दहाच्या आत उरका. दुपारी ओला पंचा मानेवर आणि मनगटांवर. काम सुरू करण्यापूर्वीच गार पाण्याने हातपाय धुऊन, गार ताक किंवा सोलकढी पिऊन घेतलं तर अंग तापायला वेळ लागतो. आंब्याच्या हंगामात पेट्या भरायला बसायचं असेल तर पंख्याखाली, तुकड्या-तुकड्यांत. लघवीची घाई होते म्हणून पाणी कमी पिणाऱ्या बायका मी खूप पाहते. तसं करू नका. घाई होत असेल किंवा लघवी पुरती बाहेर पडत नसेल तर त्यावर औषधं आहेत, फक्त लाजून गप्प बसू नका.

पावसाळ्याची वेगळी काळजी. प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सुरू झाल्यावर साध्या तापालाही साधं समजायचं नाही. चिखलात, भाताच्या खाचरात उतरायचं असेल तर पायात गमबूट, आणि लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस, चिखल-पाण्यातून होणारा ताप) दिवसांत आरोग्य केंद्रातून प्रतिबंधक गोळ्या द्यायच्या झाल्या तर तुमचं नाव आधी. काजूच्या बागेत पानं गोळा करायला जात असाल तर दोडामार्ग-बांदा भागातला माकडताप आठवा; तो गोचिडीतून येतो, २०१६ पासून आपल्या जिल्ह्यात आहे. ताप आला की प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगायचं: "मला एमएस आहे आणि मी अमुक औषधावर आहे." ते नाव कागदावर लिहून पाकिटात ठेवा. चिऱ्याच्या पायऱ्यांवरचं शेवाळ यजमानांकडून खरवडून घ्या, एका बाजूला हाताला धरायला बांबू बांधा.

व्यायामाबद्दल जुनी समजूत अशी की एमएसवाल्याने पडून राहावं. ती चुकीची ठरली आहे. रोज चालणं, पोटऱ्या आणि मांड्यांचे ताण, एका पायावर तोल सांभाळणं, हे सगळं सकाळच्या गारव्यात करा; फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्या आणि घरी चालू ठेवा. थकव्याचं विचाराल तर, हा आळस नाही, आजाराचाच भाग आहे, हे घरातल्या सगळ्यांनी ऐकावं. थकव्यासाठी अमॅन्टाडिन, मोडाफिनिल लिहून दिली जातात, पण २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चांगल्या चाचणीत ती बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. व्यायाम, झोप, कामाची विभागणी आणि मन खचलं असेल तर त्यावरचे उपचार यांनी जास्त फरक पडतो. पुढेमागे पाय ताठरले तर बॅक्लोफेन आहे, चाल मंदावली तर फॅम्प्रिडिन आहे, जळजळ-चमका यांवर गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिन. आज तुम्हाला यांची गरज नाही. ड जीवनसत्त्व तपासून घ्या. उन्हाच्या प्रदेशात राहूनही ते कमी निघतं आणि भरून काढणं सोपं आहे. आणि मन फार जड झालं, रडू आवरेना, तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं.

दिरांना सांगा, दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने विकल्या जातायत. एक खरा उपचार आहे: रुग्णाच्याच मूळ पेशी काढून ठेवायच्या, तीव्र केमोथेरपीने बिघडलेली प्रतिकारशक्ती पुसून टाकायची आणि पेशी परत द्यायच्या. तो मोठ्या केंद्रांत, औषधांना न जुमानणाऱ्या आजारात, जिवाची जोखीम तोलून करतात. जाहिरातीतला 'पाठीत स्टेम सेलचं इंजेक्शन, चार दिवसांत घरी' हा प्रकार तो नव्हे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार असा वापर मान्यताप्राप्त चाचणीबाहेर करताच येत नाही, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. लाखो रुपये मागणाऱ्याला एवढंच विचारा की चाचणीचा नोंदणी क्रमांक काय. बागेतलं उत्पन्न त्यात घालू नका. कळकळीने सांगते.

गुळवेलीचा काढा बंद करा. काकांचा हेतू चांगला आहे, पण गुळवेल प्रतिकारशक्ती वाढवते म्हणून दिली जाते, आणि तुमच्या आजारात तीच प्रतिकारशक्ती भलतीकडे वळली आहे. शिवाय कोविडच्या काळात गुळवेलीने यकृताला सूज आल्याचे रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत, आणि तुमची बहुतेक औषधं यकृताची परीक्षा पाहणारी. भस्मं तर नकोतच. देवळात गाऱ्हाणं घालायचं असेल तर जरूर घाला, त्याने मनाला बळ मिळत असेल तर मी कशाला आड येऊ? फक्त औषध घ्यायचं की नाही याचा कौल लावायचा नाही.

पैशांचं थोडक्यात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमच्या उपचारातलं काय बसतं, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे लेखी विचारा. औषध कंपन्यांच्या रुग्णसाहाय्य योजना असतात, त्यांची चौकशी डॉक्टरांकडे करा. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही रुग्णांसाठीची संस्था १९८५ पासून काम करते. मुंबई आणि पुण्यात तिच्या शाखा आहेत, फोनवरूनही मार्गदर्शन मिळतं आणि हाच आजार घेऊन संसार करणाऱ्या बायकांशी बोलता येतं. ते बोलणं तुम्हाला माझ्या पत्राइतकंच उपयोगी पडेल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचा नावानिशी समावेश आहे. तुमचा त्रास आज कमी असल्याने ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळणार नाही, आणि ते मिळण्याची वेळ न येवो. पण ज्या वाचकांना चालायला कायमचा त्रास आहे त्यांनी ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी) अर्ज करावा.

औषध सुरू झालं की रक्ततपासण्या कुडाळ-सावंतवाडीत करून रिपोर्ट मोबाइलवर पाठवता येतात, त्यासाठी दर वेळी गोव्याला जायला नको. एमआरआय साधारण वर्षातून एकदा, शक्यतो त्याच केंद्रात, म्हणजे जुन्या डागांशी तुलना नीट होते. सीडी जपून ठेवा, नुसता कागद पुरत नाही.

पुढच्या भेटीला सासूबाईंना बरोबर घेऊन जा. डॉक्टरांना विनंती करा की एमआरआयचा पडदा त्यांच्याकडे वळवून डाग दाखवा: हा डोळा धुरकटला तेव्हाचा, हा पाय गेले तेव्हाचा, आणि हे बाकीचे कधी पडले ते सुनेला कळलंही नाही. एवढं पाहिल्यावर त्यांचा प्रश्न बदलेल असं मला वाटतं. आणि मग औषधाच्या दिवशी नातीला सांभाळायला त्याच पुढे येतील.

तुमची डॉक्टर